सहा महिन्यांचा गरुड

एडिसन, न्यू जर्सी
शनिवार, ११ ऑगस्ट २००७

प्रिय रुचाताई,

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे तुझं ओरडणं निम्मं होईल. तुझं पत्र जूनमध्ये आलं आणि आज ऑगस्ट अर्धा होत आला. उत्तर लिहायला मी चार वेळा बसलो. पहिल्यांदा पेन सापडलं नाही. दुसऱ्यांदा सापडलं तर कागदावर एक मुंगी आली, तिच्या तोंडात साखरेचा कण होता, ती कुठे जाते ते बघायला मी तिच्यामागे पोर्चपर्यंत गेलो. तिसऱ्यांदा काकूंनी टोमॅटोला काठ्या बांधायला बोलावलं. चौथ्यांदा अर्धं पान झालं, त्यावर कॉफी सांडली. ईमेल कर म्हणू नकोस, नियम तुझाच आहे. मी टेनेसीत डायनरमध्ये भांडी घासत होतो तेव्हा तू म्हणाली होतीस, "निम्या, तुझा पत्ता दर महिन्याला बदलतो आणि मराठी दर आठवड्याला. मला कागदावर लिहीत जा."

पत्ता आता बदललेला नाही. अकरा महिने झाले. माझ्यासाठी हा रेकॉर्ड आहे. शशिकांतकाकांना गाडी चालवायला माणूस हवाय म्हणून तू मला इथे चिकटवलंस, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, दोन महिने काढू, मग वर मेन राज्यात ब्लूबेरी तोडायला जाऊ. ब्लूबेरीचा सीझन गेला, मला कळलंसुद्धा नाही.

कारण मागची खोली. तू शिकताना दोन वर्षं या घरात राहिलीस, पण ती खोली कायम बंद असायची असं तूच सांगितलंस. म्हणून आत काय आहे ते सांगतो. भिंतभर उथळ खणांचं कपाट आहे, प्रत्येक खणात काळं फेल्टचं कापड, कापडावर बिल्ले. पहिलं महायुद्ध हरून जर्मन सैनिक घरी आले, त्यातल्या कितीतरी जणांनी खासगी पलटणी काढल्या. सरहद्दीवर लढले, स्वतःच्याच शहरांत कामगारांवर गोळ्या झाडल्या, आणि प्रत्येक पलटणीनं आपापला बिल्ला पाडला. काकांकडे १९१८ ते १९३३ एवढंच. पुढचं, म्हणजे नाझींचं, काही घरात येत नाही. मी विचारलं, "काका, आपल्याला काय करायचंय त्या लोकांचं?" म्हणाले, "मी जन्मभर गाठी तपासल्या. गाठ मोठी झाली की शेजाऱ्यालाही दिसते. पहिल्या पेशी कुठे बिघडल्या ते बघायला मला आवडतं. मी रोगाची पूजा करत नाही रे, स्लाइड जपून ठेवतो."

बाजारात नकली माल ढिगानं आहे. अस्सल बिल्ला ठशानं पाडून कडेला कानस मारलेली असते, नकली ओतलेला असतो, त्यात बुडबुडे राहतात. म्हणून प्रत्येक बिल्ला मायक्रोस्कोपखाली जातो, हॉस्पिटलनं काढून टाकलेला दोन डोळ्यांचा जुना मायक्रोस्कोप. पण काकांच्या नजरेत आता मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, मधलं नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. तर मी बघतो, मी सांगतो, आणि ते ठरवतात. त्यांचा एकच नियम: "दिसतं ते सांग. वाटतं ते सांगू नकोस." कम्युनिटी कॉलेज दोनदा सोडलेल्या माणसाच्या शब्दावर एक डॉक्टर कार्डावर लिहितो, 'अस्सल'. ताई, माझ्या शब्दावर आजपर्यंत कोणी पिझ्झासुद्धा ऑर्डर केला नव्हता.

हे काही सहज मिळालेलं नाही. मागच्या दसऱ्याला काकू चिंच लावून देवाची भांडी घासत होत्या, मला वाटलं आपणही काही करावं. टेबलावर एक काळपट बिल्ला पडला होता. चिंच आणि मीठ लावून असा चकचकीत केला म्हणतेस! नव्वद वर्षांचा काळा थर म्हणजेच त्याचा जन्मदाखला असतो, हे मला काय माहीत. काकांनी त्यावर बोटं फिरवली आणि म्हणाले, "उद्यापासून इथे बसत जा. नाहीतर तू सगळंच घासशील."

आणि आता केदार.

केदार नागपूरचा. व्हर्जिनियात हर्नडनला डेटाबेसमध्ये आहे. मंडळाच्या पिकनिकला काकांना भेटला आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा चार तास ड्राइव्ह करून येतो. येताना संत्र्याची बर्फी आणतो. काकांची सगळी कार्डं कॉम्प्युटरवर घेऊन राहिलाय. शब्द त्याचाच. "काय बे निमिष, काय करून राहिला?" म्हणत माझ्याच खुर्चीत बसतो. काकू त्याला ताजी पोळी वाढतात आणि मला डब्यातली. हे मी उगाच म्हणत नाही, मोजलंय.

आज त्यानं एक गरुड आणलाय. हर्नडनला त्याच्या शेजारी मिसेस ब्रांट म्हणून सत्त्याऐंशीच्या बाई राहतात, त्यांच्या वडिलांचा. पोलंडलगतच्या सायलेशिया प्रांताच्या सरहद्दीवर तीन महिने लढलं की दुसऱ्या वर्गाचा गरुड मिळायचा, सहा महिने लढलं की पहिल्या वर्गाचा, छातीवर पिनेनं लावायचा. हा पहिल्या वर्गाचा. बाईंचा भाऊ मरेपर्यंत म्हणायचा, बाबा कधी गेलेच नव्हते, हा त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर कुठल्यातरी दुकानातून आणला. बाईंना एवढंच जाणून घ्यायचंय. उद्या काका निकाल देणार.

दुपारी काका झोपले तेव्हा मी एकट्यानं बघून घेतला. ताई, काय सांगू! पिसांमधल्या रेषा केसासारख्या, एकही तुटलेली नाही. ओतकामाचा बुडबुडा औषधालाही नाही. कडेला कानशीचे तिरके ओरखडे, आणि त्या ओरखड्यांतसुद्धा काळा थर जुना होऊन बसलेला. पिनेच्या बिजागरीपाशी कापडाचा एक धागा अडकलाय, तपकिरी. कोणाच्या कोटाचा असेल? मी अर्धा तास त्या धाग्याकडेच बघत होतो.

तेवढ्यात केदार आत आला आणि म्हणाला, "काकांसाठी एक कॅमेरा ऑर्डर केलाय बे. मायक्रोस्कोपला बसवायचा, वायर टीव्हीला. पोस्टरएवढं मोठं दिसेल, कडेच्या नजरेनंही दिसेल. मग त्यांना कोणाची गरजच नाही."

कोणाची. माझ्यासमोर.

हे आत्ताच पेटीत टाकतो, नाहीतर परत मुंगी येईल.

तुझा,
निमिष


फ्रीमाँट
२० ऑगस्ट २००७

निम्या,

दोन महिन्यांनी पत्र, आणि त्यात पहिलं पान मुंगीचं. रात्री जेवताना मिहीरला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, तुझ्या भावाला आमच्या ऑफिसात आण, मीटिंगा तरी बऱ्या होतील.

पोळ्या मोजणं बंद कर. पाहुण्याला ताजी पोळी वाढतात. तुला डब्यातली वाढतात याचा अर्थ तू घरचा झालास, गाढवा. मला त्या घरात दोन वर्षं ताजी पोळी मिळाली, यावरून काय ते समज.

केदार मला बरा वाटतो. आठ तासांची जा-ये करून म्हाताऱ्या माणसाची कार्डं टाइप करणारा माणूस वाईट असेल तर फार कष्टाळू वाईट म्हणायचा. आणि कॅमेऱ्याची आयडिया छान आहे. काकांना स्वतःला परत दिसणार, तर तुला नाचायला हवं. पण तुझं पत्र नाचत नाहीये. पाय आपटतंय.

गरुडाचं काय झालं ते कळव. तो तपकिरी धागा माझ्या डोक्यातून जात नाही. भांडी घासताना, गाडी चालवताना, मधेच तो आठवतो. त्या बाई निकालाची वाट बघत असतील. सत्त्याऐंशीव्या वर्षी माणूस अशा गोष्टीची वाट कशी बघत असेल?

लवकर लिही. मुंगी आली तर फुंकर मार.

रुचाताई


एडिसन
९ सप्टेंबर २००७

प्रिय ताई,

बघ, या वेळी उशीर नाही.

गरुड नकली निघाला. बुडबुडे होते. काकांनी केदारला तसं सांगितलं आणि तो घेऊन गेला. कॅमेरा आलाच नाही, त्यानं ऑर्डर कॅन्सल केली असेल.

बाकी इथे मोठी बातमी म्हणजे ग्राउंडहॉग. मुंगसाला कोणी खूप जेवू घातलं तर जसं दिसेल तसा प्राणी. काकूंचे टोमॅटो एक एक घास खाऊन टाकून देतो, पूर्ण एकही खात नाही. काकू म्हणतात, "मेल्या, एक तरी संपव!" मी पिंजरा लावला, त्यात खरबुजाची फोड ठेवली, तर त्यात शेजाऱ्यांची मांजर सापडली. मांजर दोन तास आत बसून खरबूज खात होती, बाहेर यायलाच तयार नाही. मांजरं खरबूज खातात हे तुला माहीत होतं? मग मी पिंजरा डेकखाली हलवला, तिथे मला क्रोकेटचा, लाकडी हातोड्यानं बॉल मारायच्या खेळाचा, एक जुना सेट सापडला, त्याला रंग दिला. एक बॉल हिरवा, बाकीचे कोणते द्यावेत यावर काकू आणि मी अजून ठरवतोय.

केदार तेव्हापासून आलेला नाही. घर शांत आहे. काका थोडे गप्प असतात. हवा बदलली की त्यांना त्रास होतो.

तुझा,
निमिष


फ्रीमाँट
१८ सप्टेंबर २००७

निमिष,

मी पोटासाठी काय करते तुला माहीत आहे. लोक सॉफ्टवेअर लिहितात आणि ते कुठे खोटं बोलतं ते मी शोधते. त्याचे मला पैसे मिळतात. तुझ्यासाठी आज फुकट केलंय.

तुझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. अकरा ऑगस्ट, तुझे शब्द: 'ओतकामाचा बुडबुडा औषधालाही नाही.' नऊ सप्टेंबर, तुझेच शब्द: 'बुडबुडे होते.' मधल्या काळात मायक्रोस्कोप बदलला नाही. गरुड बदलला नाही. मग बदललं कोण?

मला उत्तर नकोय, माहीत आहे. तुझ्या अकरा ऑगस्टच्या पत्रात 'मग त्यांना कोणाची गरजच नाही' हे वाक्य आहे, त्याखाली 'कोणाची' हा शब्द परत लिहिलायस, एकटाच, आणि पेन इतकं दाबलंस की मागच्या बाजूला उठलंय.

आता माझं ऐक. कोणाला सांगितलं नाही असं सांगते. त्या घरात राहायचे तेव्हा रोज संध्याकाळी मी त्या बंद दारासमोरून तीनदा जायचे. मुद्दाम. एकदा तरी काका म्हणतील, रुचा, आत ये, बघ. मी फर्स्ट क्लासची मुलगी, चष्मा लावून शहाण्यासारखी बसणारी. कधीही म्हणाले नाहीत. आणि तू चिंच लावून त्यांचा बिल्ला नासवलास, त्यांनी तुला खुर्ची दिली! तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा मी ते रागानं फ्रिजवर टाकून दिलं होतं. दोन दिवस तिथेच होतं. तुला लिहिलेलं उत्तर हसरं होतं ना? हसत नव्हते मी.

म्हणून तू जळलास याबद्दल मी तुला बोलणार नाही. त्याबाबतीत आपण एकाच हातचं खाऊन वाढलोय. पण मी जळून एक पत्र फ्रिजवर टाकलं. तू एका म्हाताऱ्या बाईच्या बापाला खोटा ठरवलंस.

तिला कोणी सांगितलं? काय शब्दांत सांगितलं? हे तुला माहीत आहे का?

मी काकांना फोन करणार नाही. ते काम माझं नाही.

रुचा


एडिसन
सोमवार, २२ ऑक्टोबर २००७

ताई,

महिना झाला. या वेळी मुंगी वगैरे काही नव्हती. पत्र खिशात घेऊन फिरत होतो. दोनदा बॅग भरली, दोनदा रिकामी केली. एकदा तर न्यूअर्कच्या बस स्टेशनपर्यंत गेलो, पिट्सबर्गचं तिकीट काढलं, आणि मग आठवलं की सोमवारी काकांची डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे, नेणार कोण. परत आलो.

त्या रविवारी असं झालं. काका डाव्या बाजूला, कार्ड हातात. केदार मागे उभा. मी लेन्समध्ये. काका म्हणाले, "हं. दिसतं ते सांग."

मी म्हणालो, "पिसांवर खड्डे आहेत. गोल. बुडबुड्यांचे. कडा गुळगुळीत आहे, कानस नाही."

"नक्की?"

"हो."

केदार म्हणाला, "काका, परत एकदा..."

काका म्हणाले, "त्यानं बघितलंय."

ताई, 'त्यानं बघितलंय'. हे वाक्य ऐकायला मी अकरा महिने थांबलो होतो, आणि ऐकलं ते असं. केदारनं गरुड रुमालात गुंडाळला. काकूंनी ताजी पोळी वाढली होती ती तशीच टाकून गेला. आणि मला, खरं सांगतो, मला मजा वाटली. दोन दिवस वाटली. तिसऱ्या दिवशी यूपीएस कुरिअरचा माणूस खोकं देऊन गेला. कॅमेरा. मी ते गॅरेजमध्ये बर्फ काढायच्या फावड्यांमागे लपवलं.

आता कालचं. रविवारी दसरा. सकाळी ओक ट्री रोडवरून झेंडू आणले, गाडीला हार घातला, काकूंच्या शिलाई मशीनला घातला, ग्राउंडहॉगच्या पिंजऱ्यालाही एक फूल लावलं. मग काकूंनी मायक्रोस्कोप पुसून पाटावर ठेवला. त्याच्या पायाशी कुंकवाचं छोटं स्वस्तिक काढलं. मी म्हटलं, "काकू, या खोलीत हे?" त्या म्हणाल्या, "त्यांनी चोरलं म्हणून मी माझं टाकू? ह्यांच्या खणात त्यांचं एकही नाही, माझं एक असू दे." मग हळदीकुंकवाची कोयरी माझ्यापुढे केली. "तू लाव रे. आता तूच बसतोस त्याच्यापाशी."

बोट कुंकवात बुडवलं. हात पुढे केला. आणि जाईना. खरंच सांगतो, कोपरापासून पुढे हात माझा नव्हता. ज्याच्यातून मी खोटं बघितलं त्याला कुंकू कसं लावू? कुंकू बोटावरच वाळलं.

काका खुर्चीत होते. त्यांना माझं तोंड दिसत नाही, पण हात दिसला असणार, कडेला होता. म्हणाले, "काय झालं?"

मी म्हणालो, "काका, बुडबुडे नव्हते."

काकू कोयरी घेऊन तशाच उभ्या. काका म्हणाले, "माहीत आहे."

"कसं?"

"एरवी तुला एक बिल्ला सांगायला पाऊण तास लागतो. मधे धागा सापडतो, मधे माशीचा पाय सापडतो, कोणाचा असेल म्हणून विचारतोस. त्या दिवशी चार वाक्यांत आटोपलंस."

मला राग आला, ताई. माझाच गुन्हा आणि मलाच राग! "मग बोलला का नाहीत? केदारला जाऊ का दिलंत?"

काकांनी खुर्चीचा हात चाचपला. मग म्हणाले, "डोळे गेले, तर मी तुझे घेतले. ते खोटे आहेत हे मान्य केलं असतं तर मग या खुर्चीत बसून मी काय करायचं होतं? तू जळलास. मी घाबरलो. आता कोणाचा गुन्हा मोठा ते काकूला विचार."

काकू म्हणाल्या, "दोघंही नालायक." आणि आत जाऊन पोळ्या लाटायला लागल्या. आवाज येत होता, लाटणं आपटल्याचा.

मग काका म्हणाले, "फोन तू कर. मी नाही."

केला. केदारनं सगळं ऐकून घेतलं. एकदाही 'बे' म्हणाला नाही. मग म्हणाला, "मी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं तिला. ती उठली. खुर्चीवर चढायला लागली, मी म्हटलं पडाल, मी काढतो. तिच्या बापाचा फोटो होता भिंतीवर, लष्करी कोटातला. तो तिनं माझ्या हातून उतरवून घेतला, निमिष. माझ्या हातून." आणि फोन ठेवला.

दसऱ्याचं सोनं म्हणून काकू अंगणातल्या रेडबडची पानं देतात, आपट्यासारखी दिसतात म्हणून. काकांनी मला त्यातलं एक दिलं. मी त्यांना देऊ शकलो नाही. पान अजून टेबलावर आहे, वाळलंय.

निमिष


फ्रीमाँट
३० ऑक्टोबर २००७

निम्या,

वाचलं. दोनदा. या वेळी फ्रिजवर टाकलं नाही.

मला वाटलं होतं तू पिट्सबर्गहून लिहिशील. खरं तर मला तसं हवंही होतं, थोडंसं, म्हणजे ती खुर्ची रिकामी झाली असती. बघ, अजून जात नाही.

दोन कामं. फावड्यांमागचं खोकं बाहेर काढ. आणि त्या बाईंना तू स्वतः लिही, इंग्लिशमध्ये, स्पेलिंग चुकलं तरी चालेल. केदारकडे निरोप देऊ नकोस. तो तुझा पोस्टमन नाही.

मी डिसेंबरची तिकिटं बघतेय. काकांना विचार, रुचा आली तर तिला आत येऊ द्याल का. तू विचार. मी विचारलं तर मला परत एकोणीस वर्षांची झाल्यासारखं वाटेल.

रुचाताई


एडिसन
शनिवार, १० नोव्हेंबर २००७, पाडवा

प्रिय ताई,

तुझं काम आधी सांगतो. काकांना विचारलं. ते म्हणाले, "रुचा? ती दारासमोरून रोज तीनदा जायची, मी आतून पावलं ऐकायचो. मला वाटायचं अभ्यासाची मुलगी, हिला कशाला मेलेल्या लोकांत ओढा." मग म्हणाले, "दार उघडं होतं. नुसतं लोटलेलं असायचं." आता यावर रड किंवा मला फोन कर, तुझी मर्जी.

खोकं काढलं. कॅमेरा बसवायला मला दोन दिवस लागले, कारण मॅन्युअलमध्ये एक चित्र उलटं छापलंय, आणि ते मला इतकं आवडलं की मी त्याप्रमाणेच एकदा जोडून बघितला. टीव्हीवर मायक्रोस्कोपऐवजी माझं नाक आलं. काकू हसून हसून खाली बसल्या. मग नीट जोडला. पहिला बिल्ला ठेवला तो माझा चिंचेचा. काका टीव्हीला अगदी खेटून, मान वळवून, कडेनं बघत बसले. दोन वर्षांनी पहिल्यांदा स्वतः बघत होते. हात पुढे करून काचेवर फिरवत राहिले, पिसं असावीत तशी. मग म्हणाले, "अरेरे, काय घासलंयस रे!"

मला आनंद झाला असं लिहिणार होतो. झाला, पण सगळा नाही. एका वायरवर जळत होतो मी, ताई. पंधरा डॉलरची वायर असेल.

काकांना ते कळलं असावं. म्हणाले, "आता असं करायचं. तू लेन्समधून बघायचं आणि सांगायचं. मी इकडे बघणार. दोघांचं जुळलं तरच कार्डावर लिहायचं. नाही जुळलं तर भांडायचं." म्हणजे खुर्ची आहे. पण आता एकट्याची नाही. आणि काल काकूंनी मला डब्यातली पोळी वाढली तेव्हा मी ती मोजली नाही.

मिसेस ब्रांटना मी गेल्या आठवड्यात लिहिलं. अकरा ओळी. मी काय बघितलं होतं आणि काय सांगितलं, एवढंच. शेवटी काकांनी एक वाक्य घालायला लावलं: गरुड खरा आहे म्हणून तुमचे वडील तिथे होतेच असं आम्ही सांगू शकत नाही, पण तो दुसऱ्या महायुद्धानंतर कोणी बनवलेला नाही. मी विचारलं, "काका, तिला आनंद होईल ना?" ते म्हणाले, "बाप खरा निघाला तर तो तिथे काय करत होता हे तिला स्वतःला विचारावं लागेल. खोटा निघाला असता तर सुटली असती. आनंदाचं आपण ठरवायचं नाही." उत्तर आलेलं नाही. केदारचा फोनही नाही. मी रोज पोस्टमनची गाडी दिसली की बाहेर जातो, त्याचं नाव लेरॉय, त्याला कबुतरांचा नाद आहे, त्यानं मला एकदा

थांब. ड्राइव्हवेत गाडी आली. व्हर्जिनियाची नंबर प्लेट आहे. केदारची होंडा!

उतरला. इकडे बघतही नाही. गाडीच्या पलीकडे गेला, मागचं दार उघडलं, काहीतरी ओढून काढतोय. वॉकर आहे.

ताई, एक बाई उतरतायत. पांढरे केस, निळा कोट, अगदी बुटक्या. केदारचा हात धरत नाहीयेत. चार पावलं चालल्या आणि थांबल्या. काकूंनी उंबऱ्यासमोर रांगोळी काढलीय, मधे स्वस्तिक, चार ठिपके, कुंकू भरलेलं. त्या त्याच्याकडे बघतायत. वॉकरचे पुढचे पाय रेघेच्या बरोबर अलीकडे आहेत. एका हातात रुमालाची पुरचुंडी आहे, दुसऱ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी, फोटोच्या फ्रेमएवढं.

काकू पीठ लागलेल्या हातांनी दाराशी गेल्या आहेत. 

आतून काका हाक मारतायत.

"निमिष, कोण आलंय? दिसतं ते सांग."